छावणीचा गुरुवार आणि परमुलखातील पहिला दिवस

छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या शहरातून पश्चिमेस निघून खाम नदी ओलांडली की छावणी लागते. दाट वस्तीतून आलेल्या माणसाला येथे रस्ते रुंद झाल्याचे जाणवते, जुनी झाडे दिसू लागतात, आणि लष्करी कुंपणांच्या कडेने वसलेल्या या भागाची शिस्त शहराहून वेगळी असल्याचे लक्षात येते. ही शिस्त आठवड्यातून एकदा सैल होते. गुरुवारी छावणीचा बाजार भरतो. पंचक्रोशीतील शेतकरी, दलाल, भाजीवाले, भांडीवाले, जुने कपडे विकणारे, सारे पहाटेपासून जमू लागतात आणि दुपारपर्यंत पाय ठेवायला जागा उरत नाही.

जनावरांच्या बाजाराकडे जैन घरातील माणूस सहसा फिरकत नाही. त्याची पावले धान्याकडे, कापडाकडे, किराण्याकडे वळतात. तरीही त्या बाजारातील व्यवहाराची रीत त्याला लहानपणापासून ठाऊक असते. दोन माणसे एका रुमालाखाली हात घालतात, बोटे दाबून भाव बोलतात, आणि शेजारी खेटून उभ्या असलेल्यालाही आकडा कळत नाही. विकणारा बैल चार दाती असल्याचे शपथेवर सांगतो. घेणारा त्याच्या शपथेला मान डोलावतो आणि स्वतः जनावराचे तोंड उघडून दात मोजतो. दलालाचे बोलणे सगळे ऐकतात, पण त्यावर पैसे कोणी काढत नाही. अशा बाजाराच्या सावलीत वाढलेला व्यापारी गल्ल्यावर बसला की नोट हातात घेताक्षणी तिचा कागद ओळखतो, उधारी मागणाऱ्याचे गाव विचारून त्याच्या तीन पिढ्यांचा हिशेब मनात मांडतो, आणि गर्दीत खिशाकडे गेलेला परका हात पाठीमागूनही हेरतो.

हाच माणूस पॅरिसला उतरतो आणि पहिल्याच दुपारी त्याचे पाकीट जाते. व्यापारी कुटुंबांच्या बैठकीत अशी एखादी हकीकत हमखास निघते. कोणाच्या पत्नीची पर्स बार्सिलोनात गेली, कोणाचा मोबाइल लंडनच्या पदपथावरून सायकलस्वाराने हिसकावला, कोणी बँकॉकहून ‘घाऊक भावात’ नीलम आणले आणि घरी आल्यावर सराफाने ते पाहून विषय बदलला. ऐकणारे हसतात, सांगणाराही हसतो. ज्याने चाळीस वर्षे कोणाकडून फसवून घेतले नाही, तो तेथे पहिल्याच तासाला कसा फसतो, हा प्रश्न मात्र तसाच राहतो.

याचे उत्तर त्याच्या हुशारीच्या स्वभावात आहे. व्यापाऱ्याची हुशारी बहुतांशी स्थानिक असते. त्याला भाव माहीत असतात, माणसे माहीत असतात, भाषा कळते, आणि अडचण आली तर कोणाकडे जायचे हे ठाऊक असते. परक्या शहराच्या विमानतळावर या चारही गोष्टी एकदम निसटतात. टॅक्सीचे योग्य भाडे किती, अंगावर गणवेश असलेला माणूस खरोखर कोण, फलकावर काय लिहिले आहे, तक्रार कोठे करायची, यांपैकी काहीच कळत नाही. जे गेले असते तेच नेमके भामटा पुढे करतो. भाव तो सांगतो, ओळख तो दाखवतो, भाषा तो बोलतो, मदतीलाही तोच धावतो. फसगत झालेल्या माणसाला नंतर आठवते ते हेच, की तो मनुष्य फार गोड आणि मदत करणारा होता.

छावणीच्या इतिहासातही हे दिसते. ही वसाहत वसली ती निजामाच्या चाकरीतील, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखालील फौजेसाठी. पुढे ती हैदराबाद कंटिन्जंट म्हणून ओळखली गेली. १८२४ साली या फौजेत सोळा वर्षांचा एक इंग्रज मुलगा अधिकारी म्हणून दाखल झाला आणि त्याची पहिली नेमणूक औरंगाबादला झाली. त्याचे नाव फिलिप मेडोज टेलर. मुलगा लष्करात येण्यासाठी मुळी हिंदुस्थानात आलाच नव्हता. मुंबईतील एका इंग्रज व्यापाऱ्याकडे काम शिकावे आणि पुढे त्याच पेढीत भागीदार व्हावे, या वचनावर घरच्यांनी त्याला जहाजात बसवले होते. मुंबईत उतरल्यावर कळले की पेढी डबघाईला आलेली आहे आणि ज्या भागीदारीसाठी सात समुद्र ओलांडले तिला काही अर्थ उरलेला नाही. एका नातेवाइकाच्या ओळखीने निजामाच्या फौजेतील जागा मिळाली म्हणून निभावले. परदेशात पाऊल ठेवताच फसगत झालेला तरुण म्हणून छावणीच्या इतिहासात त्याचे नाव पहिल्यांदा घ्यावे लागेल.

योगायोग असा की, पुढे याच टेलरने वाटसरूंना फसवून मारणाऱ्या ठगांवर इंग्रजीत कादंबरी लिहिली. १८३९ साली ती प्रसिद्ध झाली आणि ‘ठग’ हा आपला शब्द तिच्यामुळे इंग्लंडात घरोघरी पोहोचला. दक्षिणेत या लोकांना फासीगार म्हणत. ठगांच्या देवीभक्तीविषयी आणि बळींच्या संख्येविषयी त्या काळी जे लिहिले गेले, त्यातील बरेचसे आजचे इतिहासकार शंकेने पाहतात. त्यांच्या कामाच्या पद्धतीविषयी मात्र फारसे दुमत नाही. ठग वाटेत दडून हल्ला करीत नसे. तो सहप्रवासी होऊन येई. व्यापारी भेटला तर तो व्यापारी होई, शिपाई भेटला तर शिपाई. गोड बोलून ओळख वाढवणारा माणूस टोळीत वेगळा असे आणि फास टाकणारा वेगळा. ओळख वाढवण्यासाठी सर्वात जास्त वापरले जाणारे निमित्त कोणते, तर वाट धोक्याची आहे, चोर फार झाले आहेत, तेव्हा सोबतीने जाऊ. चोरांची भीती घालूनच चोर जवळ येत असे.

टेलरच्या आधी दीडशेहून अधिक वर्षे याच मुलखातून आणखी एक परदेशी गेला होता. झां द थेव्हनो हा पॅरिसचा प्रवासी १६६६ साली सुरतेला उतरला, तेथून औरंगाबादला आला, वेरूळची लेणी त्याने पाहिली आणि गोवळकोंड्याकडे गेला. आपल्या देशबांधवांसाठी लिहिलेल्या वर्णनात त्याने हिंदुस्थानातील वाटमाऱ्यांबद्दल सावध केले आहे. दिल्ली-आग्रा रस्त्यावरची एक युक्ती तो सांगतो. एक देखणी स्त्री केस मोकळे सोडून वाटेवर रडत उभी असते; घोडेस्वाराला दया येते, तो तिला आपल्यामागे बसवून घेतो, आणि थोडे पुढे गेल्यावर त्याच्या गळ्यात फास पडतो.

आज थेव्हनोच्या गावी छावणीचा माणूस जातो. आयफेल मनोऱ्याच्या परिसरात त्याला एक तरुण मुलगी गाठते. हातात फळी, फळीवर कागद. मूकबधिरांसाठी सही हवी, असे ती खुणेने सांगते. डोळ्यांत करुणा असते. सही करताना प्रवाशाचे दोन्ही हात गुंततात, नजर कागदावर असते, आणि तिची जोडीदारीण मागून पर्स उघडते. सही झाल्यावर देणगीही मागितली जाते, ती वेगळीच. मोंमार्त्रच्या टेकडीवर साक्रे-कर चर्चच्या पायऱ्यांशी काही तरुण हसत हात पुढे करतात आणि बोटाला रंगीत दोरा गुंडाळू लागतात. दोरा गाठला गेला की पैशांची मागणी होते आणि भोवती आणखी तिघे उभे राहतात. सेन नदीच्या काठाने चालताना समोरचा माणूस वाकून जमिनीवरून सोन्यासारखी अंगठी उचलतो आणि तुमचीच का, असे विचारतो. नाही म्हटले तरी ती भेट म्हणून हातावर ठेवतो आणि मग जेवणापुरते पैसे मागतो. अंगठी पितळेची असते. सराफकट्ट्यावर ज्याची हयात गेली त्याला हे क्षणात कळायला हवे, पण तेथे तो सराफ नसतो, सुट्टीवर आलेला पाहुणा असतो.

तीन वाट्या आणि एक गोळी यांचा खेळ या सर्वांत जुना. जमिनीवर पुठ्ठा, भोवती दहा-बारा माणसे, त्यांतील कोणी पन्नास युरो लावतो आणि शंभर घेऊन जातो. बाजारात खोटी गिऱ्हाइके उभी करून भाव चढवण्याचा प्रकार ज्याने पाहिला आहे, त्याने एवढेच पाहावे की जिंकणारे चेहरे पुन्हा पुन्हा तेच असतात. त्या वर्तुळात बाहेरचा माणूस बहुधा एकच असतो.

बँकॉकमधील प्रकार व्यापाऱ्याला अधिक भुरळ घालतो, कारण तो त्याच्याच भाषेत बोलतो. ग्रँड पॅलेसच्या रस्त्यावर नीटनेटक्या कपड्यांतील एक गृहस्थ भेटतात आणि सांगतात की आज राजवाडा बंद आहे, काही धार्मिक समारंभ आहे. वाईट वाटून घेऊ नका, दुसरी देवळे पाहा, ही टुकटुक अगदी थोड्या पैशांत फिरवील. फिरता फिरता गाडी एका रत्नांच्या दुकानापाशी थांबते. तेथे कळते की सरकारी सवलतीचा आज शेवटचा दिवस आहे, आणि हा माल मायदेशी दुप्पट भावाने जाईल. या सापळ्यात साधा प्रवासी एखादे पदक घेऊन सुटतो. व्यापारी मोठी रक्कम घालतो, कारण त्याला खरेदी दिसत नाही, नफा दिसतो. राजवाडा उघडा आहे की बंद, हे विचारायची जागा राजवाड्याच्या दारावर असते. तेथपर्यंत चालत गेले की सारा डाव संपतो.

भुयारी रेल्वेतील चोरी सर्वात साधी आणि सर्वात जास्त घडणारी. पॅरिस, रोम, बार्सिलोना येथे दारे मिटण्याच्या क्षणी दाराजवळ उभ्या प्रवाशाच्या हातातील मोबाइल ओढला जातो. चोर फलाटावर, दारे बंद, गाडी सुटलेली. दाराजवळ उभे राहून मोबाइल पाहू नये, यापलीकडे याला मोठा उपाय नाही. हॉटेलचा सकाळचा नाश्ता ही आणखी एक जागा. तेथे चोर सूट घालून येतो, बशी हातात घेतो, आणि खुर्चीवर ठेवलेली पिशवी उचलून शांतपणे निघून जातो. जैन सहलींत तर एक विलक्षण दृश्य दिसते. खाकरे, थेपले आणि लोणच्याच्या डब्यांची पिशवी घरची ज्येष्ठ स्त्री छातीशी धरून असते, आणि पासपोर्टांची पिशवी कोणाच्या तरी पाठीवर मागे लोंबत असते. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपायच्या घाईत सारा जथा एकदम उठतो आणि टेबलाखाली काही राहते. जूनमध्ये पॅरिसला सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो; तेथे तरी ही घाई करण्याचे कारण नसते.

यावर प्रवाशाने सर्वांकडे संशयाने पाहावे काय? तसे करून प्रवासाचा आनंद जातो आणि सुरक्षितताही मिळत नाही. ठगांच्या भयातून इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे पूर्ण जमातीच्या जमाती जन्मतः चोर ठरवल्या. महाराष्ट्रातील कितीतरी कुटुंबांनी तो शिक्का १९५२ पर्यंत कपाळावर वागवला, आणि त्याची झळ अजून पुरती विझलेली नाही. युरोपात गेलेला आपला माणूस कोणाच्या तरी सांगण्यावरून अमक्या वेषाच्या, तमक्या रंगाच्या लोकांपासून दूर सरतो, आणि सूट घातलेल्या चोराशेजारी निर्धास्त बसतो. चेहऱ्यावरून काही कळत नाही. संभाषण कोणी सुरू केले, एवढे मात्र कळते. आपण होऊन ज्याला पत्ता विचारला तो बहुधा खरा असतो, कारण रस्त्यावरच्या शंभर माणसांतून त्याला प्रवाशाने निवडले. जो स्वतः निवड करून आला, त्याच्याशी बोलताना पाय थांबवू नयेत.

आपल्या पूर्वजांना हे अधिक चांगले कळत होते, कारण त्यांचे प्रवास अधिक जिवावरचे होते. मारवाड, गुजरात, बुंदेलखंड येथून जी जैन कुटुंबे दक्षिणेत उतरली, त्यांच्या वाटा याच फासीगारांच्या मुलखातून जात. ती स्वतःच्या हुशारीवर विसंबून निघाली नाहीत. एकट्याने न जाता संघाने जाणे, मुक्काम ओळखीच्या पेढीवर किंवा धर्मशाळेत करणे, आणि रोकड शक्यतो अंगावर न बाळगणे, अशी व्यवस्था त्यांनी लावली होती. हुंडीचा कागद हा त्या व्यवस्थेचा कळस होय. शहाजोग हुंडीचे पैसे बाजारात पत असलेल्या ‘शहा’लाच मिळत, वाटेत ती चोराच्या हाती पडली तरी ती वटवण्यासाठी त्याला कोणी प्रतिष्ठित व्यापारी साथीला आणावा लागे. मूळ हुंडी हरवली तर पैठ लिहून मिळे, पैठही गहाळ झाली तर परपैठ. कागद चोरीला जाईल हे त्यांनी गृहीतच धरले होते, आणि गेल्यावर चोराच्या पदरी काही पडू नये याची तजवीज आधी केली होती.

परदेशी निघालेल्या आजच्या कुटुंबाने हुंडीचाच विचार करावा. परकीय चलनाच्या नोटा बहुतेक देशांसाठी एका प्रवासात ३,००० डॉलरपर्यंत नेता येतात. नेता येतात म्हणून तेवढ्या नेण्याची गरज नसते. थोडी रोकड, प्रवासाचे एक कार्ड ज्यात दोन-तीन दिवसांपुरतीच रक्कम भरलेली आहे, आणि दुसरे कार्ड दुसऱ्या माणसाकडे, दुसऱ्या पिशवीत, ही आजची पैठ-परपैठ होय. रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे २०२० पासून नव्या कार्डांवर परदेशी वापर मुळात बंद असतो. तो चालू करताना मर्यादाही घालून घेता येते, आणि खरेदी झाल्यावर मोबाइलवरून पुन्हा बंद करता येतो. घरच्या व्यवसायाचे खाते ज्या मोबाइलवर चालते तो मोबाइल शक्यतो घरी ठेवावा. हे अनेकांना पटत नाही. पण लंडनच्या पदपथावर उघड्या अवस्थेत हिसकावला गेलेला मोबाइल म्हणजे गल्ल्याच्या किल्ल्यांसह गेलेला गल्ला असतो. दुकानदाराने कार्डयंत्र पुढे करून रुपयांत की युरोत असे विचारले तर युरो म्हणावे. रुपयांचा भाव त्या यंत्राचा असतो आणि तो प्रवाशाच्या सोयीचा नसतो. याला चोरी म्हणता येत नाही, पण व्यापाऱ्याला ती चुटपुट चोरीपेक्षा जास्त लागते.

दागिन्यांबाबत घरात नेहमी वाद होतो. अंगावरचे सोने उतरवणे ज्येष्ठ स्त्रियांना अशुभ वाटते. कोणी तरी समजूत घालून एक साधे मंगळसूत्र ठेवावे आणि बाकीचे लॉकरमध्ये ठेवून निघावे. मौल्यवान दागिने न्यायचेच असतील तर निघताना विमानतळावरील सीमाशुल्क विभागाकडून निर्यात प्रमाणपत्र करून घ्यावे, म्हणजे परतताना ते परदेशात घेतले काय, हा प्रश्न उरत नाही.

गणवेशातील भामट्याचा प्रकार वेगळा सांगायला हवा, कारण तो कायदा पाळणाऱ्या माणसालाच घेरतो. युरोपातील काही शहरांत एक माणूस प्रवाशाला नोटा बदलून हव्यात का असे विचारतो. लगेच दोघे येतात, ओळखपत्र झळकवतात, बनावट चलनाचा संशय आहे म्हणून पाकीट तपासायला मागतात. पाकीट परत मिळते, त्यातील मोठ्या नोटा मिळत नाहीत. चारशे वर्षांपूर्वी बनारसीदास या जैन व्यापारी कवीवर असाच प्रसंग ओढवला होता. १६४१ साली लिहिलेल्या ‘अर्धकथानक’ या आपल्या आत्मचरित्रात त्यांनी तो सांगितला आहे. आग्र्याच्या वाटेवर एका गावी सोबतच्यांनी बाजारात दिलेल्या नाण्यावरून सराफाशी तंटा झाला, नाणी खोटी असल्याचा बोभाटा झाला आणि सारा जथा ठग ठरून जिवावर बेतले. रात्रभर धास्तीत काढल्यावर सोबत्यांपैकी एकाला आठवले की आपल्या भावाची सोयरीक येथे जवळच आहे. ती ओळख पटली आणि सुटका झाली. आज परक्या शहरात सोयरीक नसते; तिच्या जागी पोलीस ठाणे असते. खरा पोलीस रस्त्यात नोटा मोजत नाही. कोणी आग्रह धरलाच तर पाकीट न काढता ठाण्यावर जाऊ म्हणावे, आणि मोबाइलवर आणीबाणीचा क्रमांक लावावा. युरोपीय संघात तो सर्वत्र ११२ आहे. थायलंडमध्ये पर्यटक पोलिसांचा ११५५.

बनारसीदासांच्या आत्मचरित्रातील आणखी एक गोष्ट व्यापारी घरांनी विचारात घेण्यासारखी आहे. त्यांनी आपले नुकसान लपवले नाही. आग्र्यात कमरेच्या नाडीत बांधलेले जवाहीर कसे हरवले, कोणता व्यवहार कसा बुडाला, कोणत्या भोळेपणाने पैसा गेला, हे त्यांनी नावानिशी लिहून ठेवले. परदेशात फसगत झालेला आजचा व्यापारी नेमके याच्या उलट वागतो. त्याला पैशांपेक्षा पत जाण्याची भीती अधिक वाटते. ज्याचा सल्ला घेऊन समाजातील चार माणसे सौदे करतात, त्याला तीन वाट्यांच्या खेळात कोणी तरी लुबाडले, हे मुलांसमोर कसे सांगावे? तो पत्नीलाही सांगत नाही. हॉटेलवर जाऊन पाहू, कदाचित खोलीतच राहिले असेल, असे म्हणत संध्याकाळ काढतो. तेवढ्या वेळात कार्डावर चार खरेद्या होतात.

हे मौन महागात पडते. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे, बँकेचा वा ग्राहकाचा दोष नसलेला अनधिकृत व्यवहार ग्राहकाने तीन कामकाजी दिवसांत कळवला तर त्याच्यावर तोशीस येत नाही. ग्राहकाच्या हलगर्जीपणामुळे झालेला तोटा मात्र बँकेला कळवेपर्यंत त्याचाच राहतो. म्हणजे प्रत्येक तासाला किंमत आहे. पासपोर्ट गेला असेल तर पोलिसांकडील लेखी अहवाल आधी हवा. तो घेऊन भारतीय दूतावासात जावे लागते. घाईत परतायचे असेल तर तेथे आणीबाणीचे प्रवासपत्र मिळते, पण ते मायदेशी परतण्यापुरतेच चालते. पुढच्या देशांची सहल तेथेच संपते. विमा कंपनीही तोच अहवाल मागते. पासपोर्टच्या आणि व्हिसाच्या प्रती घरी एकाकडे आणि सोबत एकाकडे असल्या की दूतावासातील काम सोपे होते. पेढीवर नुकसान त्याच दिवशी खर्ची पडते, उद्यावर ढकलले तर वही बिघडते, हे ज्याला मुनिमाने बालपणी शिकवले त्याने परमुलखात वही मिटून बसू नये.

घरातील तरुण मुलांची येथे मोठी मदत होते. सहलीच्या आदल्या रात्री बँकेचे क्रमांक कागदावर कोणी लिहून घ्यायचे, कोणाचे काही गेले तर प्रथम कोणाला सांगायचे, आणि सांगणाऱ्यावर त्या दिवशी कोणी रागवायचे नाही, एवढे ठरले तरी पुरते. यातील शेवटची गोष्ट सर्वात अवघड. वडिलांच्या हातून काही गेले तर मुले समजून घेतात. सुनेच्या हातून गेले तर ती रात्रभर कोणाला सांगत नाही.

एक मोह असा आहे की त्यात प्रवासी फसत नाही, सामील होतो. रोम आणि फ्लोरेन्सच्या रस्त्यांवर चादरीवर मांडलेल्या नामांकित कंपन्यांच्या पिशव्या दहाव्या हिश्श्याच्या भावाने मिळतात. त्या बनावट असतात, हे घेणाऱ्यालाही कळते. इटलीत असा माल विकत घेणाऱ्यालाही दंड होतो आणि तो सात हजार युरोपर्यंत जाऊ शकतो. अचौर्य व्रताच्या अतिचारांत चोरीचा माल घेणे आणि बनावटीचा व्यवहार करणे, तदाहृतादान आणि प्रतिरूपकव्यवहार, ही दोन नावे पाठशाळेतील मुलांनाही पाठ असतात. पिशवी भेट म्हणून घरी आणताना ती सहसा आठवत नाहीत.

आणि छावणीही कोणासाठी तरी परकेच शहर आहे. विमानतळावरून वा रेल्वे स्थानकावरून निघालेले परदेशी प्रवासी नगर नाक्यावरून, पडेगाव-मिटमिट्याच्या वाटेने दौलताबाद आणि वेरूळकडे जातात. वाटेत कोणी पाणचक्की पाहायला थांबतो. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारातील ही चक्की खाम नदीच्या काठी आहे. येथे दळलेले धान्य यात्रेकरूंच्या आणि वाटसरूंच्या पोटी जाई. बाहेर रिक्षा उभ्या असतात. हिमरू आणि पैठणीच्या दुकानांपर्यंत पाहुणे नेऊन दलाली घेणारेही असतात, आणि यंत्रमागावरची शाल हातमागाची म्हणून विकणारेही. थेव्हनोच्या गावाहून आलेल्या एखाद्या वृद्ध जोडप्याला येथेही कोणी हसून सांगू शकतो की आज लेणी बंद आहेत, त्यापेक्षा आधी दुकाने पाहा.

अशा वेळी ते जोडपे बाजाराच्या गर्दीत गोंधळून एखाद्या किराण्याच्या दुकानाची पायरी चढते आणि मोडक्या इंग्रजीत विचारते. गल्ल्यावरचा माणूस आधी त्यांना बाकावर बसवतो, पाण्याचे पेले पुढे करतो. मग भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर बोट ठेवून सांगतो. अजिंठा सोमवारी बंद असतो, वेरूळ मंगळवारी. आज गुरुवार आहे.